विश्लेषण : भुतांचा बंदोबस्त मुलांच्याच गळ्यात का? ‘लॉकवुड अँड कंपनी’ हसवता हसवता काय सांगते?

लंडनमध्ये अंधार पडला की मोठी माणसे दारे लावून घरात बसतात आणि शाळकरी वयाची मुले तलवारी घेऊन कामावर निघतात. ब्रिटिश लेखक जोनाथन स्ट्राउड यांच्या ‘लॉकवुड अँड कंपनी’ या कुमार वाचकांसाठीच्या कादंबरीमालेचा हा पाया. २०१३ ते २०१७ या काळात तिचे पाच भाग आले. जानेवारी २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने त्यावर आठ भागांची मालिका आणली आणि काही महिन्यांतच गुंडाळलीही. त्या मालिकेत पहिल्या दोनच पुस्तकांची गोष्ट आली होती. म्हणजे पुढचे हवे असेल तर पुस्तकांकडेच वळावे लागते.

भुते कुठून आली?

या जगात गेल्या सुमारे ५० वर्षांपासून ब्रिटनमध्ये भुतांचा सुळसुळाट आहे. लोक त्याला नुसते ‘समस्या’ म्हणतात. भुताचा स्पर्श जीवघेणा असतो आणि भूत दिसते, ऐकू येते ते फक्त लहानांना. वय वाढले की ही क्षमता जाते. त्यामुळे भुते हटवणाऱ्या एजन्सींत मोठ्यांचे काम उरते देखरेखीचे. प्रत्यक्ष जोखीम मुलांची.

भूत पकडायचे कसे?

स्ट्राउड यांनी इथे मंत्र-तंत्र बाजूला ठेवून जवळजवळ कार्यपद्धतीच लिहिली आहे. प्रत्येक भूत एखाद्या वस्तूला किंवा हाडांना बांधलेले असते, तो त्याचा ‘स्रोत’. तो शोधायचा, चांदीने झाकायचा, मग भट्टीत जाळायचा. तोवर बचावाला लोखंड, मीठ आणि मॅग्नेशियमचे स्फोटक गोळे. (मीठ-मोहरीने दृष्ट काढणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवे काही वाटणार नाही.) भुतांचे तीन प्रकारही ठरलेले आहेत. पहिला आपल्यातच हरवलेला, दुसरा अंगावर येणारा आणि तिसरा बोलणारा, अत्यंत दुर्मीळ.

मग हसू कुठे येते?

अँथनी लॉकवुड, जॉर्ज आणि गोष्ट सांगणारी ल्युसी कार्लाइल या तिघांची एजन्सी शहरातली सर्वात छोटी, आणि तिच्यात देखरेखीला एकही प्रौढ नाही. पहिल्याच भागात ते एका पछाडलेल्या घरात पोहोचतात आणि लक्षात येते की लोखंडी साखळ्या आणलेल्याच नाहीत. रात्र संपता संपता भुताऐवजी घरच पेटते. नुकसानभरपाईचा आकडा ६० हजार पौंड! तो फेडण्यासाठी ते लोखंडाच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका उद्योगपतीचे काम घेतात. इंग्लंडमधल्या सर्वात बदनाम वाड्यात एक रात्र काढायची. यापुढे सांगितले तर रहस्यच फुटेल.

घरी त्यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर एक कापड अंथरलेले असते. त्यावर तपासाची टिपणे, आकृत्या आणि एकमेकांसाठी टोमणे सगळे एकत्र. बिस्किटे मात्र काटेकोरपणे पाळीपाळीने! उद्याची खात्री नसलेली ही मुले बिस्किटांच्या पाळीवरून भांडतात, तेव्हा हसू येते आणि मागोमाग जरा अस्वस्थही व्हायला होते.

यात खरी भीती कोणती?

ल्युसी लंडनला येते त्याआधीच्या एका मोहिमेत तिचे सोबती मरण पावतात. देखरेखीसाठी नेमलेला प्रौढ मदतीला आत जात नाही आणि चौकशीत त्याला दोषीही धरले जात नाही. ही पाने मालिकेतील कुठल्याही भुतापेक्षा जास्त हादरवतात. मोठ्यांना न दिसणारे संकट निस्तरायचे मुलांनी, आणि चूक झाली तर तीही मुलांचीच. स्ट्राउड यावर भाषण देत नाहीत. ते काम जॉर्जने बरणीत सांभाळलेल्या एका खवचट कवटीवर सोपवतात. तिचा आवाज एकट्या ल्युसीला ऐकू येतो, आणि ती सहसा अपमानच करते. तिच्यासाठी तरी दुसरा भाग, ‘द व्हिस्परिंग स्कल’, वाचावाच.