तंबूतील पाहुणचार आणि गावाचे पाणी

तंबूत ऐषारामाने राहण्याची हौस नवी नाही. अकबर बादशहाच्या एका छावणीचे सामान हलविण्यास 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या आणि 100 हमाल लागत, अशी नोंद अबुल फजल याने ‘ऐन-ए-अकबरी’त केली आहे. त्या काळी सुखसोयींचा भार सर्वांना डोळ्यांनी दिसत असे. आजही शहरातील पाहुणे निसर्गाच्या सान्निध्यात, परंतु गादी, दिवे व न्हाणीघर यांसह तंबूत राहू इच्छितात. या प्रकारास ‘ग्लॅम्पिंग’ असे नाव रूढ झाले आहे. मात्र आता सोयींचा भार हत्ती-उंटांवर नसून गावची विहीर, ओढा आणि रान यांच्यावर पडतो. म्हणूनच पाहुण्यांना कोणत्या सोयी द्याव्यात हा प्रश्न केवळ तंबूमालकाचा राहत नाही. तो ग्रामपंचायतीचाही होतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण, 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि मे अखेरीपासून दिसणारे काजवे यांमुळे येथे पर्यटकांची वर्दळ असते. पावसाळ्यात या डोंगरांवर मुसळधार वृष्टी होते. तथापि, कातळावरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक वाड्यावस्त्यांना टंचाई जाणवते. काजव्यांचा हंगाम नेमका टंचाईच्या अखेरच्या दिवसांत येतो.

पाण्याचा हिशेब

जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज 55 लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी हे प्रमाण 135 लिटर धरले जाते. दहा तंबूंत वीस पाहुणे उतरले आणि त्यांना शहरी प्रमाणात पाणी पुरविले, तर दिवसाला 2700 लिटर लागतील. ग्रामीण प्रमाणात 1100 लिटर पुरतील. फरक 1600 लिटरचा, म्हणजे 29 ग्रामस्थांच्या एका दिवसाच्या गरजेएवढा आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सव्वा मीटरहून किंचित कमी, म्हणजे 1.2 मीटर खोल असा लहानसा पोहण्याचा तलाव भरण्यासच 38,400 लिटर पाणी लागते. तेवढ्यात सुमारे 700 माणसांची एका दिवसाची गरज भागते.

यावरून फवाऱ्याऐवजी बादली व तांब्या देणे म्हणजे पाहुणचारात उणेपणा, असे मानण्याचे कारण नाही. बंबातील कढत पाण्याची बादली थंडीच्या दिवसांत पाहुण्यास निश्चितच सुखावते. शौचालयास दोन शोषखड्डे असावेत. एक भरला की दुसरा वापरता येतो व पहिल्यातील मैल्याचे कालांतराने खत होते. हे खड्डे विहीर व ओढा यांपासून पुरेशा अंतरावर आणि त्यांच्या उताराकडील बाजूस घ्यावेत. तंबू उभारण्यापूर्वी हे काम पूर्ण होणे इष्ट होय.

चैन कोणती, गरज कोणती?

काही सोयी चैनीच्या वाटतात, पण प्रत्यक्षात त्या संरक्षण देतात. खाट हे याचे उत्तम उदाहरण होय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप आहेत. त्यांपैकी मण्यार रात्री वावरतो. त्याच्या दंशाच्या घटना बहुधा जमिनीवर झोपलेल्यांच्या बाबतीत घडतात आणि दंशाची वेदना कित्येकदा जाणवतही नाही. उंच खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांमुळे हा धोका बराच कमी होतो. जोडीला प्रत्येक तंबूत विजेरी असावी, आणि सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावलेला असावा.

याउलट, थंडीत बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवणे ही सोय नसून संकट आहे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू निघतो व झोपलेल्या माणसास त्याची जाणीव होत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधील दामन येथे बंद खोलीत गॅसवरील हीटर लावून झोपलेले केरळमधील आठ पर्यटक मृत्युमुखी पडले. म्हणून तंबूत शेगडीऐवजी जाड रजई व गरम पाण्याची रबरी पिशवी द्यावी.

अंधाराची सोय

काजव्यांच्या हंगामात पाहुण्यांना देण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे अंधार. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर लुकलुकणारा काजव्यांचा प्रकाश हा मीलनाचा संकेत असतो. नर प्रकाशाने साद घालतो व मादी प्रकाशानेच उत्तर देते. प्रखर विद्युतदीप किंवा मोटारींचे झोत यांमध्ये हे संकेत हरवतात. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचेच असल्याने वाया गेलेल्या रात्रींची भरपाई होत नाही. त्यामुळे शौचालयाच्या वाटेवर जमिनीकडे वळविलेले मंद दिवे पुरेसे समजावेत. ध्वनिक्षेपक तर 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर लावता येत नाहीत.

भोजनाच्या बाबतीत गावाकडे देण्यासारखे बरेच आहे. नाचणीची भाकरी, वालाची उसळ आणि स्थानिक तांदळाचा भात यांचे मोल पाहुणे जाणतात. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी 2020 चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. स्वयंपाकाचे काम महिला बचत गटाकडे दिल्यास पाहुण्यांचा पैसाही गावातच राहतो.

महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये कृषि पर्यटन धोरण स्वीकारल्यापासून शेतकऱ्यांसाठी या व्यवसायाची वाट अधिक मोकळी झाली आहे. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाची अनुमती घ्यावी लागते, हे मात्र विसरता कामा नये. ग्रामपंचायतीने तंबूंच्या प्रस्तावावर विचार करताना प्रत्येक सोयीबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: मे महिन्यात तिला किती पाणी लागेल, तिचा मैला व कचरा कोठे जाईल आणि तिच्यामुळे रात्री किती उजेड व आवाज होईल. गावच्या शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मार्च ते जून दर आठवड्यास विहिरीची पातळी मोजून फलकावर नोंदविली, तर गावाला किती तंबू पेलतील याचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.