घरचा नकार आणि मुलांचे व्यसन

व्यसनाधीन मुलाकडे समाज बहुधा न्यायाधीशाच्या नजरेने पाहतो. मुलाचा स्वभाव, त्याची संगत किंवा शिस्तीचा अभाव यांपैकी एकाला दोषी ठरवले की निकाल लागला, असे मानण्याची सवय सर्वत्र आढळते. अमेरिकेत जमा झालेली आकडेवारी मात्र निराळ्याच दिशेला बोट दाखवते.

त्या देशाचे रोगनियंत्रण केंद्र दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची पाहणी करते. सलग दोन आठवडे वा अधिक काळ, नित्याचे व्यवहार सुटावेत इतकी उदासी वा निराशा अनुभवल्याचे २०२१ साली ४२ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितले. मेक्सिको, पोर्तो रिको, मध्य व दक्षिण अमेरिका येथे मुळे असलेल्या, म्हणजेच लॅटिनो, विद्यार्थ्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. समलिंगी व अन्य लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांत ते ६९ टक्क्यांवर गेले. मादक पदार्थांच्या वापरातही हा दुसरा गट इतरांच्या पुढे आहे.

याचे कारण मुलांच्या लैंगिक कलात शोधणे चुकीचे ठरेल. मानसशास्त्रज्ञ इलन मायर यांनी १९९५ व २००३ मधील लेखांत ‘अल्पसंख्यत्वाचा ताण’ ही कल्पना मांडली. सतत काहीतरी लपवणे, नाकारले जाण्याची धास्ती आणि पदोपदी होणारी अवहेलना माणसाला आतून झिजवते, असा तिचा आशय. लॅटिनो मुलांवर हा ताण दुहेरी पडतो. भाषा, वर्ण, आईबापांच्या कागदपत्रांची चिंता यांमुळे बाहेरचे जग परके. म्हणून घर हाच त्यांचा किल्ला. कुटुंबनिष्ठेला त्या समाजात ‘फामिलिस्मो’ असे नावच आहे. पण याच घराने पाठ फिरवली, तर मूल एका फटक्यात आईबापांसह भाषा, सणवार आणि गणगोतालाही मुकते. दारू वा गोळ्या अशा वेळी उसनी विश्रांती देतात. पण या उसनवारीचे व्याज चक्रवाढ असते.

कॅटलिन रायन व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. २१ ते २५ वयाच्या २२४ गोऱ्या व लॅटिनो समलिंगी-उभयलिंगी तरुणांकडून त्यांनी किशोरवयातील अनुभव जाणून घेतले. घरून तीव्र नकार मिळालेल्यांत, नकार न मिळालेल्या वा अल्प मिळालेल्यांच्या तुलनेत, आत्महत्येच्या प्रयत्नाची शक्यता ८.४ पट, तीव्र नैराश्याची ५.९ पट व बेकायदा मादक द्रव्ये घेण्याची ३.४ पट आढळली. सर्वाधिक नकार लॅटिनो तरुण पुरुषांच्या वाट्याला आला होता.

दोन गोष्टी सोबत आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात साडेसात लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली गेली. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या राज्यांत, मान्यता न देणाऱ्या राज्यांच्या तुलनेत, विद्यार्थ्यांतील आत्महत्येचे प्रयत्न सुमारे ७ टक्क्यांनी घटले. लैंगिक अल्पसंख्य विद्यार्थ्यांत ही घट १४ टक्के होती. शाळकरी मुलांना विवाह करावयाचा नव्हता. समाजात आपल्याला जागा आहे, एवढा निरोप त्यांना पोहोचला असावा.

असे असता, २०२२ साली सुरू झालेल्या ‘९८८’ या संकटकालीन दूरध्वनी सेवेतील या मुलांसाठीची स्वतंत्र शाखा जुलै २०२५ मध्ये बंद करण्यात आली. सर्वसाधारण सेवा चालू आहे. पण ज्याला घरीही बोलण्याची चोरी, त्याला अनोळखी माणसाशी बोलणे सोपे नसते. असल्या काटकसरीचा जमाखर्च मांडताना पुढील उपचारांचा खर्च आणि गमावलेली आयुष्ये वहीबाहेर राहतात.

शासनाने करावयाचे ते करावेच. परंतु सर्वांत स्वस्त उपाय कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. मुलाचे सारे काही पटले नाही तरी त्याचे ताट मांडलेले ठेवणे, हा तो उपाय होय. कुटुंबाला सर्वस्व मानणाऱ्या समाजाची खरी कसोटी याच ठिकाणी लागते.