बाळासोबत तंबूत रात्र : पिशवीत काय हवं, काय नको

पवना धरणाचा काठ असो, भंडारदरा असो की काजव्यांच्या दिवसांतलं राजमाचीचं पठार, तंबूत रात्र काढायला आता तान्ह्या बाळांना घेऊन कुटुंबंही येऊ लागली आहेत. निघण्याआधी प्रश्न ठरलेला असतो : बाळासाठी काय काय घ्यायचं? त्यावर आजी, शेजारीण, दुकानदार आणि मोबाइल मिळून जी यादी तयार करतात ती गाडीत मावत नाही. पण तंबूतली रात्र सुखरूप जाणं यादीच्या लांबीवर अवलंबून नसतं. वर्षाच्या आतलं बाळ चार गोष्टी स्वतः करू शकत नाही. अंगातली ऊब मोठ्यांसारखी सांभाळणं, नाकातोंडावर आलेलं काही बाजूला सारणं, शरीरातल्या पाण्याचा तोल राखणं आणि चावणाऱ्या-डसणाऱ्या जिवापासून दूर सरकणं. जी वस्तू या चारांपैकी एखाद्या बाबतीत बाळाला आधार देते, ती पिशवीत हवी. हा निकष प्रामाणिकपणे लावला की मायेपोटी भरलेल्या बऱ्याच वस्तू बाहेर काढाव्या लागतात, कारण त्यातल्या काही नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातक आहेत.

गैरसमज १ : थंडी आहे, तर जितकं जाड पांघरूण तितकं चांगलं

डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याच्या परिसरात रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरू शकतो आणि बाळाचं अंग मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतं, हे खरं आहे. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि मोठी माणसं कुडकुडून जशी ऊब निर्माण करतात तसं तान्ह्या बाळाला नीट जमत नाही. पण याच बाळाला अंगात साठलेली जास्तीची उष्णता बाहेर टाकणंही अवघड जातं, आणि अति ऊब हा झोपेतल्या अचानक बालमृत्यूच्या धोक्यांपैकी एक मानला जातो. म्हणून बालरोगतज्ज्ञांचा सोपा नियम असा की, आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याहून एक थर बाळाला जास्त. आतून सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचा गरम कपडा, पायमोजे आणि झोपताना हात बाहेर राहतील अशी, मान-काखेत नीट बसणारी अंगात घालायची बाळझोळी. सुटं ब्लँकेट, रग, आईची शाल, दुपट्यांचा ढीग यांची गरज उरत नाही. हातपाय गार लागले की आपण घाबरतो, पण तान्ह्या बाळाचे तळवे गार असणं स्वाभाविक आहे. बोटं घालून पाहायची ती मानेच्या मागे. तिथे त्वचा कोमट आणि कोरडी असेल तर ठीक. घामेजलेली असेल तर एक थर उतरवायचा. गार लागली तर बाळाला छातीशी घ्यायचं. जिथे मोठ्यांनाच रात्र कुडकुडत काढावी लागेल, तिथे कितीही कपडे नेले तरी बाळाला नेऊ नये.

उन्हाची बाजूही विसरू नये. दुपारच्या उन्हात बंद तंबू बघता बघता तापतो, म्हणून दिवसा बाळाला त्यात झोपवायचं नाही. सावलीसाठी बाळाच्या गाडीवर चादर टाकली तर आतली हवा अडून उष्णता वाढते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हापासून वाचवायचं ते सावलीने, सैल सुती कपड्यांनी आणि काठाच्या टोपीने. सनस्क्रीन ही त्या वयातली मुख्य सोय नाही.

गैरसमज २ : जमीन कडक असते, म्हणून मऊ गादी आणि मोहरीची उशी हवीच

बाळाला कडक लागेल या काळजीने हवा भरायची गादी घेतली जाते. बाळासाठी तंबूतली सर्वांत धोक्याची वस्तू बहुधा तीच. अशा गादीत शरीराच्या वजनाने खोलगट जागा तयार होते, बाळ घरंगळून कुशीवर किंवा पालथं होतं, नाक रबरी पृष्ठभागात रुततं, आणि मान वळवण्याची ताकद अजून आलेली नसते. मोठ्यांची स्लीपिंग बॅगही बाळासाठी नाही. आत सरकलेल्या बाळाचं तोंड झाकलं जातं. मोहरीची उशी डोकं गोल व्हावं म्हणून देतात, पण झोपेच्या जागी उशी, लोड, मऊ खेळणी काहीही नसावं, असं बालरोगतज्ज्ञांच्या संघटना सांगतात. बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट पृष्ठभागावर झोपलेलं असावं. त्यासाठी सतरंजी, त्यावर फोमची पातळ चटई आणि वर ताणून बसवलेली चादर एवढं पुरतं. जमिनीचा गारवा चटई अडवते आणि बाळाच्या हाडांना कडकपणाचा त्रास होत नाही. गाडीतल्या बाळखुर्चीत झोपलेलं बाळ रात्रभर तसंच ठेवायचं नाही. बसल्या स्थितीत हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो.

यावर आक्षेप येतो की आपल्याकडे बाळ आईच्या कुशीतच झोपतं आणि पिढ्यान् पिढ्या तसंच झोपत आलं आहे. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. पण घरची सवय तंबूत जशीच्या तशी उतरत नाही. इथे जागा चिंचोळी असते, आई-बाबा चालून-चालून थकलेले असतात, थंडीमुळे पांघरूण डोक्यापर्यंत ओढलेलं असतं. म्हणून बाळ आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या चटईवर असावं. दूध पाजायला सोपं आणि श्वासाची वाट मोकळी. गळ्यातला ताईत, काळा दोरा आणि टोपड्याची नाडी झोपण्याआधी काढून ठेवावी.

गैरसमज ३ : तंबूत थोडी धग, थोडा धूर असला तर बिघडत नाही

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि धुरी देण्याची आपली रीत आहे. ती आठवण घेऊन कुणी निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅसचा बर्नर तंबूच्या दाराशी सरकवतो. जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच त्याची शुद्ध हरपते. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असल्यामुळे त्याच्या अंगात हे विष लवकर भिनतं. दार थोडं उघडं ठेवलं तरी धोका जात नाही. शेकोटी विझली तरी निखारे हा वायू सोडतच असतात. म्हणून नियम सरळ ठेवावा : पेटलेली किंवा विझत आलेली कोणतीही वस्तू तंबूत येणार नाही, आणि शेकोटीजवळ बाळाला धुराच्या दिशेला बसवायचं नाही.

डासांच्या कॉइललाही हाच नियम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. तंबूची हवा किती थोडी असते हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. कापूरही तसाच. गळ्यातली कापराची पुरचुंडी सर्दीवर उपाय म्हणून दिली जाते, पण कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि बाळ हाती लागेल ते तोंडात घालतं. कापूर असलेले बाम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत. डासांसाठी खरा उपाय जुना आणि साधा आहे : छत्रीसारखी मिटणारी बाळाची मच्छरदाणी, तंबूची जाळी संध्याकाळच्या आधीच बंद करणं आणि हातपाय झाकणारे फिकट कपडे. अंगाला लावायची डासरोधक मलमं दोन महिन्यांच्या आत लावायचीच नाहीत. त्यानंतरही डॉक्टरांना विचारून, वेष्टनावरचं वय पाहून, आणि बाळाच्या तळहातांना, डोळ्यांना, तोंडाला न लावता.

गैरसमज ४ : झऱ्याचं पाणी शुद्ध असतं, आणि उन्हात बाळाला पाणी पाजायलाच हवं

सहा महिन्यांच्या आतल्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही. आईच्या दुधात जवळपास ८७-८८ टक्के पाणीच असतं. उष्मा वाढला की दूध जास्त वेळा पाजायचं आणि आईने भरपूर पाणी प्यायचं. म्हणजे बाळासाठी नेलेलं पाणी खरं आईसाठी असतं. पावडरच्या दुधावरच्या बाळाचा हिशेब वेगळा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवायला सांगते. उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये भरावं, पावडरची प्रत्येक वेळची मात्रा कोरड्या डबीत वेगळी ठेवावी, ऐन वेळी कालवून कोमट करून पाजावी आणि दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्यावं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. उघड्यावर बाटलीचं बूच आणि खाचा नीट धुणं होत नाही, वाटी मात्र उकळत्या पाण्यात बुडवली की झालं.

सहा महिन्यांपुढच्या बाळाला पाणी लागतं, आणि ते उकळलेलंच हवं. डोंगरातल्या झऱ्याच्या वर गुरं चरतात, लोक जातात, पावसाने सगळं वाहून येतं; पाणी नितळ दिसलं म्हणून त्यातले जंतू गेलेले नसतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतातच असं नाही. पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट ठेवलं की पुरतं. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, म्हणून आपल्याकडे एक मिनिट पुरे. खाण्यात मऊ भात, वरण, पेज, कुस्करलेलं केळं असं ताजं आणि साधं असावं. मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नाही. चाटवायची प्रथा कितीही जुनी असली तरी मधातले बोट्युलिझमचे जीवाणू बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडू शकतात.

गैरसमज ५ : औषधांची पेटी भरली की काळजी मिटली

पेटीत थोडंच ठेवावं, पण नीट ओळखून. थर्मामीटर हवा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल तर औषध देत बसायचं नाही, डॉक्टरांकडे निघायचं. पॅरासिटामोलची मात्रा वजनावर ठरते आणि ती आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असू शकतं, तर सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५. अंधारात बाटली बदलली की चौपट मात्रा जाऊ शकते. सर्दी-खोकल्याची आणि झोप आणणारी औषधं पिशवीत नकोत. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५मध्ये काढली आहे. ओआरएसची पाकिटं हवीत, आणि सोबत एक लिटरची खूण असलेली बाटली. पाकीट एक लिटरचं असेल तर अर्ध्या बाटलीत कालवलेलं द्रावण बाळाच्या अंगात मीठ वाढवतं. तयार द्रावण २४ तासांनी ओतून द्यावं, आणि जुलाबातही अंगावरचं दूध थांबवू नये.

सह्याद्रीत आणि कोकणात खरी भीती साप-विंचवाची. लाल विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त घातक ठरतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबावरच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि गंभीर विंचूदंशात पूर्वी जे जवळपास ४० टक्के रुग्ण दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. पण हे औषध दवाखान्यात द्यायचं असतं. विंचू आणि सर्पदंशात घरच्या पेटीचा उपयोग फार थोडा. उपयोग होतो तो मिनिटांचा. म्हणून पिशवीत जायला हवी ती माहिती : प्रतिविष असणारं जवळचं ग्रामीण रुग्णालय कोणतं, तिथे रात्री गाडी किती वेळात पोचते, १०८ला जागेचं नेमकं नाव कसं सांगायचं आणि मोबाइलला रेंज कुठे येते. सर्पदंशात आवळून बांधणं, कापणं, चोखणं हे काहीही करायचं नाही. अंग हलू न देता रुग्णालय गाठायचं. आणि एक छोटी वस्तू खरंच घेण्यासारखी आहे : अतिनील प्रकाशाची बॅटरी. तिच्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो, त्यामुळे चटई टाकण्याआधी जमीन, अंथरूण आणि बुटांमध्ये तपासून घेता येतं.

गैरसमज ६ : वापरलेला डायपर पुरला की कुजून जातो

डायपरमध्ये प्लॅस्टिक आणि पाणी शोषणारे पॉलिमर असतात. ते मातीत वर्षानुवर्षं राहतात, कुत्री-कोल्हे उकरून काढतात आणि पाणवठा घाण होतो. नीट गुंडाळून घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत भरून गावी परत आणणं हाच मार्ग. म्हणून त्यासाठीची पिशवीही यादीत हवी.

एवढं वाचल्यावर काही जण म्हणतील, पूर्वी आपल्या आजी-पणजीने यातलं काही केलं नाही, धनगरांची बाळं आजही उघड्यावर वाढतात. वाढतात, कारण त्या आयांना त्या मातीची, ऋतूंची आणि जिवाणूंची नाही तरी जनावरांची पुरती ओळख असते; ते ज्ञान शहरातून दोन दिवसांसाठी आलेल्या आई-बाबांकडे नसतं. आणि जुन्या दिवसांचा दाखला देताना एक आकडाही समोर ठेवायला हवा. १९७१मध्ये भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. २०२३मध्ये ही संख्या २५वर आली. जी बाळं जगली त्यांच्याच आठवणी आपल्यापर्यंत पोचल्या आहेत.

दुसऱ्या बाजूने विचारलं जातं, इतका व्याप असेल तर बाळाला न्यायचंच कशाला? वरच्या परिच्छेदांतून उरलेल्या वस्तू मोजल्या की उत्तर मिळतं. थरांचे कपडे, अंगात घालायची बाळझोळी, चटई, मच्छरदाणी, थर्मास, वाटी-चमचा, उकळलेलं पाणी, थर्मामीटर, ओआरएस, एक साधी आणि एक अतिनील बॅटरी, डायपरची पिशवी आणि रुग्णालयाचा पत्ता. हे एका खांद्यावरच्या पिशवीत मावतं. जाण्याचा दिवस नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीत धरावा, तळ गाडीरस्त्यालगत टाकावा, आणि बाळ दूध पीत नसेल, सुस्त वाटत असेल किंवा हवा फिरली तर मध्यरात्रीही गाडीत बसून परतायचं, हे निघण्याआधीच घरच्यांत ठरलेलं असावं. परतण्याची ही तयारी ज्यांची आहे, त्यांनी आपल्या बाळाला चांदण्याखाली जरूर न्यावं.