दुसरीच्या वर्गातली सगळी मुलं

1935 साली शिकागोतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एका नऊ वर्षांच्या मुलीवर शोधनिबंध लिहिला. निबंधात तिचं नाव नाही, ‘बी’ एवढंच अक्षर आहे. मुलगी कृष्णवर्णीय होती आणि स्टॅनफर्ड-बिने चाचणीत तिचा बुद्ध्यांक 200 आला होता. दोघा लेखकांपैकी मार्टिन जेंकिन्स हे स्वतः कृष्णवर्णीय होते आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. शिकागोच्या सरकारी शाळा पालथ्या घालून त्यांनी उच्च बुद्ध्यांकाची शंभराहून अधिक कृष्णवर्णीय मुलं शोधली. पुढे ते मॉर्गन स्टेट कॉलेजचे अध्यक्ष झाले.

हे काम त्यांनी कोणत्या काळात केलं, ते लक्षात घ्यायला हवं. ही चाचणी 1916 मध्ये तयार करणाऱ्या लुइस टर्मन यांनी आपल्या पुस्तकातच काही वंशांची बुद्धी जात्याच मंद असते असं लिहून ठेवलं होतं. त्याच चाचणीचा फूटपट्टीसारखा वापर करून जेंकिन्स यांनी उलट दाखवून दिलं. हुशार मुलं होती. त्यांना शोधायला कोणी गेलं नव्हतं, इतकंच.

नव्वद वर्षं उलटली तरी अमेरिकेत हा प्रश्न जिथल्या तिथेच आहे. तिथल्या सरकारी शिक्षणात हुशार मुलांसाठी दोन दारं असतात. पहिलं प्राथमिक शाळेत, ‘गिफ्टेड’ म्हणून ठरवलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गाचं. दुसरं आठवीनंतर, निवडक विद्यार्थ्यांच्या हायस्कूलचं. दोन्ही दारांतून आत जाणाऱ्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने फारच थोडी असतात. वर्तमानपत्रांत, कोर्टात आणि निवडणुकीत गाजतं ते दुसरं दार. पण गळती सुरू होते पहिल्या दाराशी, आणि ती कशी थांबवता येते हे एका काउंटीने करून दाखवलेलं आहे.

ही काउंटी म्हणजे दक्षिण फ्लोरिडातली ब्रॉवर्ड. फोर्ट लॉडरडेल शहर याच काउंटीत येतं. तिथला शाळा विभाग देशातल्या सर्वांत मोठ्या विभागांपैकी एक. विद्यार्थ्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक (म्हणजे लॅटिनो). पण तिसरीतल्या गिफ्टेड मुलांत त्यांचं प्रमाण होतं जेमतेम 28 टक्के.

नियम कागदावर सरळ होता. बुद्ध्यांक 130 असला की मूल गिफ्टेड. गरीब घरातल्या आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांसाठी ही अट 116 पर्यंत शिथिल केलेली होती. म्हणजे सवलत आधीपासून होतीच. तरीही मुलं येत नव्हती, कारण चाचणीपर्यंत पोचायलाच कोणीतरी नाव सुचवावं लागे. ते सुचवणार शिक्षक किंवा पालक. ज्या आईबापांना असा काही वर्ग असतो हे ठाऊक आहे, ते शाळेत जाऊन पाठपुरावा करत. खिशात पैसे असतील तर खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून आणत. जी आई दोन ठिकाणी कामं करते आणि घरी स्पॅनिश किंवा हैतियन क्रिओल बोलते, तिला हे सांगणार कोण?

2005-06 पासून ब्रॉवर्डने एकच गोष्ट बदलली. नावं सुचवण्याची वाट न पाहता दुसरीतल्या प्रत्येक मुलाची एक छोटी पूर्वचाचणी घ्यायची. ही चाचणी भाषेवर नव्हे, आकृत्यांवर बेतलेली होती. आकृत्यांच्या मालिकेत पुढे काय येईल, रिकाम्या चौकटीत काय बसेल, अशा स्वरूपाची. त्यात चांगले गुण मिळालेल्या मुलाला नेहमीच्या बुद्ध्यांक चाचणीसाठी पाठवायचं. 130 आणि 116 या रेषा होत्या तिथेच ठेवल्या.

डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास करून 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (कार्ड यांना 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते श्रमबाजाराच्या अभ्यासासाठी.) गिफ्टेड ठरणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या 80 टक्क्यांनी वाढली, हिस्पॅनिक मुलांची 130 टक्क्यांनी. नव्याने सापडलेल्यांत गरिबांची मुलं जास्त होती, मुली जास्त होत्या, आणि ज्यांच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही अशीही जास्त होती. टीकाकारांना वाटेल की ही रेषेवर कशीबशी टेकलेली मुलं असतील. तसं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच मुलांचा बुद्ध्यांक किमान अटीच्या बराच वर होता. म्हणजे जुन्या पद्धतीत काठावरची मुलं सुटत होती असं नव्हे, भरभक्कम हुशार मुलंसुद्धा वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नव्हती.

शिक्षकांच्या नजरेविषयी दुसरा एक अभ्यासही 2016 मध्येच आला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जेसन ग्रिसम आणि त्यांचे सहकारी ख्रिस्टोफर रेडिंग यांनी देशभरातल्या हजारो मुलांची माहिती तपासली. गणित-वाचनात सारखेच गुण असलेल्या मुलांतही गिफ्टेड वर्गात जाण्याची शक्यता गौरवर्णीय मुलाच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलाची निम्मीच होती. वर्गशिक्षक कृष्णवर्णीय असेल तर मात्र ही तफावत जवळपास मिटत होती. यात शिक्षकांना खलनायक ठरवण्याचं कारण नाही. वर्गात कोण हुशार ‘दिसतं’ हे बघणाऱ्याच्या सवयीवरही अवलंबून असतं, आणि अमेरिकेतल्या शिक्षकांत गौरवर्णीयांचं प्रमाण फार मोठं आहे. नेमक्या याच कारणासाठी सरसकट पूर्वचाचणी हवी. ती कोणाच्या नजरेची वाट पाहत नाही.

ब्रॉवर्डमध्ये आणखी एक गोष्ट होती, आणि ती तितकीच मोलाची आहे. शाळेतल्या एखाद्या इयत्तेत एक जरी गिफ्टेड मूल असलं तरी तिथे वेगळा वर्ग सुरू करावा लागे. एकट्यादुकट्या मुलांसाठी वर्ग कसा भरणार? मग उरलेल्या जागा त्याच शाळेतल्या, वार्षिक परीक्षेत सर्वांत पुढे असणाऱ्या मुलांना मिळत. कार्ड आणि जुलियानो यांनी या मुलांचीही प्रगती तपासली. त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांनी गणितात आणि वाचनात मोठी झेप घेतली. शिक्षणक्षेत्रातल्या एखाद्या उपायाचा इतका परिणाम क्वचितच दिसतो. मागे राहिलेल्या वर्गातल्या मुलांचं काही नुकसान झाल्याचंही आढळलं नाही.

आणि मग 2010 मध्ये ही योजना थांबवली गेली. मंदी आली होती, अंदाजपत्रकात कपात करायची होती. पूर्वचाचणीतून पुढे येणाऱ्या मुलांच्या सविस्तर चाचणीसाठी मानसशास्त्रज्ञ लागतात. त्यांचे पगार हाच मोठा खर्च. तो बंद झाला आणि पाठोपाठ जुनी विषमता होती तितकीच परत आली. मुलं तीच होती, शाळा त्याच होत्या. शोधणं थांबलं म्हणून सापडणं थांबलं. या सगळ्या विषयात याहून चीड आणणारी दुसरी गोष्ट नाही.

न्यूयॉर्कची कथा अशीच, पण दुसऱ्या टोकाने सुरू होते. स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक ही तिथली नावाजलेली सरकारी हायस्कूलं. नोबेल विजेते, न्यायाधीश, संशोधक यांची रांगच इथून बाहेर पडली आहे. प्रवेश एकाच परीक्षेवर, आणि ही अट 1971 च्या हेक्ट-कलँड्रा कायद्याने घातलेली. ही परीक्षा अल्पसंख्याक मुलांवर अन्याय करते का, अशी विचारणा शहरात सुरू झाली, तेव्हाच राज्याच्या विधिमंडळाने हा कायदा करून टाकला. त्यामुळे आज महापौरांनी ठरवलं तरी या तीन शाळांची परीक्षा रद्द करता येत नाही.

शहराच्या सरकारी शाळांत सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो आहेत. 2019 मध्ये स्टायव्हसंटने 895 जणांना प्रवेश देऊ केला. त्यात कृष्णवर्णीय होते 7. चार वर्षांनी, 2023 मध्ये, 762 जणांत पुन्हा 7.

परीक्षा तर पन्नास वर्षांपूर्वीही होती. तरीही 1970 च्या दशकात स्टायव्हसंटमध्ये सुमारे 12 टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय होते, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन टेकमध्ये तर निम्म्याच्या आसपास. मग मध्यंतरी काय झालं? कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधल्या शाळांतले हुशार मुलांचे वर्ग एकेक करून बंद झाले. पूर्वी असे वर्ग कुठे आणि कसे चालवायचे हे त्या त्या भागातले शाळा विभाग ठरवत. 2008 मध्ये संपूर्ण शहरासाठी एकच चाचणी आणि एकच कटऑफ आला. हेतू समानतेचा होता, परिणाम उलटा झाला. चार वर्षांच्या मुलांची चाचणी, आणि तीही पालकांनी नाव नोंदवलं तरच. गरीब वस्त्यांतून नावंच कमी आली, मुलं कमी पात्र ठरली आणि तिथले वर्ग ओस पडून बंद झाले. दुसऱ्या बाजूला हायस्कूलच्या परीक्षेची खासगी शिकवणी फोफावली.

ब्रॉवर्ड आणि न्यूयॉर्क यांतला फरक इथे नीट दिसतो. चाचणी दोन्हीकडे होती. ब्रॉवर्डमध्ये ती प्रत्येक मुलापर्यंत चालत गेली; न्यूयॉर्कमध्ये मुलाने तिच्यापर्यंत यायचं होतं.

2018 मध्ये महापौर बिल डी ब्लाझिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या सर्वांत वरच्या सुमारे 7 टक्के मुलांना या हायस्कूलांत जागा देण्याचा प्रस्ताव मांडला. आशियाई पालक रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजून घ्यायला हवा. या शाळांमध्ये आज आशियाई मुलं सर्वाधिक आहेत आणि त्यातली कितीतरी रेस्टॉरंटात, टॅक्सीवर, कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या स्थलांतरितांची आहेत. घरखर्चातून शिकवणीचे पैसे काढणाऱ्या बांगलादेशी किंवा चिनी कुटुंबाला ‘तुमची मुलं जास्त झाली’ असं ऐकवणं अन्यायाचंच. विधिमंडळाने प्रस्ताव मान्य केला नाही. आणि वाद सगळा चौदा वर्षांच्या मुलांच्या जागांभोवती फिरत राहिला. त्यांच्या सातव्या वर्षी कोणत्या वर्गांचे दरवाजे बंद झाले होते, त्याची चर्चा कमीच झाली.

तिसरं ठिकाण व्हर्जिनियातलं. फेअरफॅक्स काउंटीतलं थॉमस जेफरसन हायस्कूल, सगळे त्याला ‘टीजे’ म्हणतात. वॉशिंग्टनच्या आसपासच्या या पट्ट्यात भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे, त्यात मराठी घरंही आहेत, आणि टीजेचा प्रवेश हा त्या घरांतला वर्षानुवर्षांचा विषय आहे. 2020 पर्यंत इथेही प्रवेशपरीक्षा होती आणि अर्जाला 100 डॉलर शुल्क. त्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांत कृष्णवर्णीय मुलं इतकी थोडी होती की त्यांचा आकडाही जाहीर करता आला नाही. गरीब घरांतल्या मुलांचं प्रमाण 1 टक्क्याहून कमी.

त्याच वर्षी पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येनंतर देश ढवळून निघाला होता. स्कूल बोर्डाने परीक्षा आणि शुल्क दोन्ही रद्द केलं. प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या 1.5 टक्के मुलांसाठी जागा राखल्या, एकूण जागा 550 पर्यंत वाढवल्या. गुणांची किमान अट उलट वाढवली, अर्ज तपासणाऱ्यांना मुलाचं नाव किंवा वंश कळत नव्हता. घरची गरिबी, इंग्रजी नव्याने शिकणं अशा गोष्टी मात्र विचारात घेतल्या गेल्या. पहिल्याच वर्षी कृष्णवर्णीय मुलं सुमारे 7 टक्के झाली, हिस्पॅनिक 11 टक्के, गरीब घरांतली 25 टक्के. आशियाई मुलांचं प्रमाण 73 वरून 54 टक्क्यांवर आलं.

मुंबईत जन्मलेल्या पत्रकार अस्रा नोमानी या निर्णयाविरुद्ध उभ्या राहिलेल्या पालकांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. 2022 मध्ये जिल्हा न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला, 2023 मध्ये अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मतांनी फिरवला, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. न्यायमूर्ती अलिटो आणि थॉमस यांनी या नकाराशी असहमती नोंदवली.

या खटल्याच्या कागदांत एक आकडा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी टीजेत प्रवेश मिळालेलं गरीब घरातलं आशियाई मूल एकच होतं. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी अशी मुलं 51 झाली. ‘आशियाई विरुद्ध कृष्णवर्णीय’ अशी या वादाची मांडणी किती अपुरी आहे, ते इथे कळतं. गरिबाचं मूल कुठल्याही वंशाचं असो, जुन्या दारातून ते आत येतच नव्हतं.

वंशाचं नाव घेऊन जागा वाटण्याचा मार्ग आता जवळजवळ बंद आहे. 1635 साली स्थापन झालेल्या बोस्टन लॅटिन स्कूलचं वंशाधारित धोरण 1998 मध्ये कोर्टाने रद्द केलं. शाळाप्रवेशात मुलाचा वंश कितपत पाहता येईल, यावर सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये कडक मर्यादा घातल्या. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशांविषयीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने 2023 मध्ये दिलेल्या निकालाने विद्यापीठांपुरतंही दार लावून घेतलं. शिकागोने वस्तीच्या आर्थिक स्थितीप्रमाणे चार स्तर पाडून जागा वाटल्या, पण तिथल्या सर्वांत नावाजलेल्या शाळांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण त्यानंतरही घटतच गेलं. गरिबी आणि वंश या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, पण एक मोजली म्हणजे दुसरी आपोआप मोजली जाते असं नाही.

कोर्टाच्या कोणत्याही निकालाची आडकाठी नसलेला सर्वांत सरळ उपाय म्हणजे ब्रॉवर्डचा. दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घेण्यात वंशाचा उल्लेखही येत नाही, कोणाची जागाही जात नाही, कारण गिफ्टेड वर्ग वाढवता येतात. लागतो तो पैसा, आणि काटकसरीच्या वर्षी तो टिकवून धरणारी माणसं. अमेरिकेत जी मराठी कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी स्कूल बोर्डाच्या सभांना जातात, अर्ज-विनंत्या करतात, तिथल्या निवडणुकीत मत देतात, त्यांच्या शब्दाला त्या सभांमध्ये वजन आहे. आपल्या काउंटीत दुसरीतल्या सगळ्या मुलांची पूर्वचाचणी होते का, हे त्यांनी पुढच्या सभेत विचारावं. होत नसेल तर मागावी, आणि होत असेल तर अंदाजपत्रकाच्या दिवशी तिच्या बाजूने बोलायला उभं राहावं.