छत्तीस हजार विहिरींचं जहाज

एक तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात तोफेचा गोळा ठेवू, फक्त एकच. दुसऱ्यात एक अख्खं विमान, पायलट आणि पेट्रोलसकट. गोळ्याचं पारडं हलत नाही. दुसरं विमान ठेवा. अजूनही नाही! तिसरं चढवलं, तेव्हा कुठे गोळा वर उचलला गेला. ब्रिटिशांच्या ‘फ्यूरियस’ या युद्धनौकेसाठी योजलेल्या अठरा इंची तोफेचा एक गोळा दीड टनाचा होता. १९१७ सालचं सॉपविथ पप विमान, सगळं भरून, साडेपाचशे किलोचं. म्हणजे तीन बुलेट मोटारसायकली. लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड.

ब्रिटिशांनी फ्यूरियसची पुढची तोफ बसवलीच नाही. तिथे सपाट डेक टाकला आणि २ ऑगस्ट १९१७ रोजी स्कापा फ्लो इथे एडविन डनिंगने चालत्या जहाजावर विमान उतरवलं. कसं? जहाज वाऱ्याच्या तोंडावर पळतंय, वर विमानही तिकडेच पळतंय, दोघांचा वेग जवळपास सारखा. त्यामुळे विमान डेकच्या वर जणू जागच्या जागी तरंगतंय. खालची माणसं धावत गेली आणि त्याला लावलेले पट्टे धरून त्यांनी ते हातांनी खाली ओढलं, पतंग उतरवावा तसं! पाच दिवसांनी पुन्हा उतरताना टायर फुटला, विमान कडेवरून समुद्रात गेलं आणि डनिंग गेला.

ते हातातले पट्टे विसरू नका. आपण फक्त दहा वर्षं पुढे जातोय.

१९२२ च्या वॉशिंग्टन कराराने बड्या आरमारांना हात आखडायला लावला. अर्ध्यामुर्ध्या बांधलेल्या राक्षसी युद्धनौका भंगारात जाणार होत्या. पण करारात एक पळवाट होती: त्यातल्या दोन सांगाड्यांच्या विमानवाहू नौका करून घ्या. जपानने ‘आकागी’ आणि ‘आमागी’ निवडल्या. १९२३ च्या भूकंपात आमागी गोदीतच मोडली, म्हणून भंगाराच्या यादीतल्या ‘कागा’ला जीवदान मिळालं. अमेरिकेने निवडल्या ‘लेक्झिंग्टन’ आणि ‘सॅराटोगा’. चला, लेक्झिंग्टनवर चढू.

लांबी २७० मीटर. बारा डब्यांची मुंबई लोकल शेजारी उभी करा, जहाज पुढे उरतंच. नुसतं धुराडंच लोकलच्या दीड डब्याएवढं लांब! दोघी बहिणी इतक्या सारख्या, की वैमानिकांना ओळखता यावी म्हणून सॅराटोगाच्या धुराड्यावर भला मोठा काळा पट्टा रंगवावा लागला. आपली नवी ‘विक्रांत’ २०२२ मध्ये नौदलात आली, तिची लांबी २६२ मीटर. लेक्झिंग्टन १९२७ ची आहे, आणि तरी लांब. वेगातही तिने विक्रांतला मागे टाकलं असतं.

खर्च? साडेचार कोटी डॉलरच्या घरात. त्या काळच्या भावाने बारा कोटी रुपयांहून जास्त. बारा कोटी आज किरकोळ वाटतील, एखाद्या बंगल्याचे. पण १९२७ मध्ये सोन्याचा सरकारी भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता! करा भागाकार. ५८ लाख तोळे. नवरीच्या अंगावर दहा-दहा तोळे घालायचे म्हटले तर पाच लाख ऐंशी हजार लग्नं. एका जहाजात.

आता ताकद. १ लाख ८० हजार अश्वशक्ती. हा आकडा तसा डोक्यात शिरत नाही, म्हणून विहिरीवर जाऊ. विहिरीवर पाच एचपीची मोटर असते. तशा ३६,००० मोटरी! मुंबई ते पुणे रुळाच्या कडेने विहिरी खणत निघालात, तर दर सव्वापाच मीटरला एक विहीर, १९२ किलोमीटर, आणि प्रत्येकीवर मोटर धडधडतेय. लेक्झिंग्टनचे पंखेही विजेच्या मोटरीच फिरवत. मोटरी फक्त आठ, म्हणजे एकेक साडेचार हजार विहिरींच्या तोडीची.

एवढ्या ताकदीवर ती चाचणीत ताशी ६४ किलोमीटरने पळाली. तीन तासांत मुंबई-पुणे! डेक्कन क्वीन आज याच्या आसपासच वेळ घेते, आणि तिला पाणी कापायचं नसतं. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियाहून होनोलुलूला लेक्झिंग्टन साडेबहात्तर तासांत पोचली. एकवीस वेळा मुंबई-पुणे, मध्ये कर्जत नाही की लोणावळा नाही.

मग आलं टाकोमा. १९२९ च्या अखेरीस अमेरिकेच्या वायव्येकडच्या या शहरात दुष्काळाने धरणं आटली, वीज पुरेना. लेक्झिंग्टन धक्क्याला लागली, तारा जोडल्या, आणि महिनाभर तिने शहराला वीज पाजली: ४२ लाखांहून जास्त युनिट. घराला महिन्याला शंभर युनिट धरले तर बेचाळीस हजारांहून जास्त घरं. युनिटला आठ रुपये लावा, बिल सव्वातीन कोटींच्या वर! आणि जहाजाच्या ताकदीपैकी सरासरी किती वापरली? रुपयातले पाच पैसेही नाहीत.

सॅराटोगाचा हिशेब निराळा. सतरा वर्षांत तिच्यावर विमानं उतरली ९८,५४९ वेळा. रोज सरासरी सोळा, सुट्टी न धरता. कुणाला हातांनी पट्टे धरून ओढावं लागलं नाही.

२५ जुलै १९४६ ला अमेरिकेने तिला बिकिनी बेटांपाशी खलाशांविना उभी केली आणि चाचणी म्हणून काहीशे मीटरवर पाण्याखाली अणुबॉम्ब फोडला. वीस हजार टनांहून जास्त टीएनटीचा दणका. अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी काठोकाठ भरली तर साधारण साडेतीन हजार टन. म्हणजे दारूगोळ्याने भरलेल्या सहा मालगाड्या, शेजारी, एकदम!

तरी सॅराटोगाला बुडायला साडेसात तास लागले. मुंबईहून पुणं, पुण्याहून परत मुंबई, आणि मधे मिसळ खायला तासभर.