फ्लायबॅक वीजपुरवठ्यातील प्रत्याभरणाची गती

विलगित फ्लायबॅक वीजपुरवठ्यात प्रदान दाबाचा ठरावीक अंश टीएल ४३१ हा घटक सुमारे २.५ व्होल्टच्या संदर्भाशी ताडतो. ऑप्टोकपलर तो निरोप प्रकाशद्वारा प्राथमिक बाजूस पोचवितो. रोहित्रातील ऊर्जा प्रत्येक आवर्तनात पुरती रिकामी होत नसेल, तर एक विपरीत गोष्ट घडते. दाब उतरला म्हणून स्विच अधिक काळ चालू ठेवावा, तर तेवढा वेळ प्रदानाच्या धारित्रास रोहित्राकडून काहीच मिळत नाही आणि दाब प्रथम आणखीच उतरतो. उतावळे नियंत्रण या घसरणीसच उत्तर देऊ लागते व दाब हेलकावे खातो. यास्तव प्रतिपूरक रोध व धारित्रे योजून प्रत्याभरणाची गती मुद्दाम आवरावी लागते. आदान दाब न्यूनतम व भार पूर्ण असता हा दोष सर्वाधिक जाणवतो. म्हणून स्थैर्याची परीक्षा त्या स्थितीतही अवश्य करावी.