आधी कोणाची बोडी?

एक कोडं सोडवा. गावात तीन बोड्या आहेत, तिन्हीची पाळ फुटलेली. एका बोडीची दुरुस्ती म्हणजे अख्खा उन्हाळा. जेसीबी एकच, मजुरांची टोळी एकच, पैसाही वर्षाला एका बोडीपुरताच. तीन टोल्यांची माणसं ग्रामसभेत आली आहेत आणि प्रत्येकाला आपली बोडी आधी हवी आहे. काय कराल?

बहुतेक जण म्हणतील, थोडं थोडं सगळीकडे करू, म्हणजे कोणी नाराज नको. आता हिशेब मांडून बघा. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक बोडीचं एक तृतीयांश काम होईल. पावसाळ्यात तीनही बोड्यांत पाणी थांबणार नाही, कारण अर्धवट पाळ म्हणजे पाळ नसल्यासारखीच. दुसऱ्या वर्षीही तेच. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर तीनही बोड्या एकदम पुऱ्या होतील. त्याऐवजी एकामागून एक घेतल्या तर? पहिली बोडी पहिल्याच पावसाळ्यात भरेल, दुसरी पुढच्या वर्षी आणि तिसरी तिसऱ्या वर्षी. म्हणजे जो सगळ्यात शेवटी थांबला, त्याचंही काही गेलं नाही! त्याला पाणी तसंही तिसऱ्याच वर्षी मिळणार होतं. बाकी दोघांच्या बांध्या मात्र मधल्या काळात कोरड्या राहिल्या नाहीत.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात याला प्रोजेक्ट पोर्टफोलिओ मॅनेजमेंट म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट सोपी. एक प्रकल्प नीट चालवणं वेगळं आणि त्याच पैशावर, त्याच माणसांवर, त्याच यंत्रांवर चालणारे दहा प्रकल्प सांभाळणं वेगळं. त्यासाठी कंपन्यांच्या केस स्टडी वाचायच्या तर वाचा, पण भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना पवनीपर्यंत गेलं तरी पुरेल.

गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. तुमच्यापैकी बहुतेकांचे आई-बाबा तेव्हा शाळेत असतील. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच लाख हेक्टरला पाणी द्यायचं होतं. मूळ खर्च ३७२ कोटी रुपये, तो पुढे १८ हजार कोटींच्याही वर गेला. वैनगंगेवर भिंत उभी राहिली, ३३ दरवाजे बसले. पावसाळ्यात ते उघडल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. पण कालवे आणि शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या वितरिका भिंतीच्या कितीतरी मागे राहिल्या. घरं आणि शेती आधी बुडाली, पाणी नंतर यायचं होतं.

उशिराची कारणं बरीच आहेत. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमीन, निविदांमधले घोळ आणि त्यांच्या चौकशा. त्यातलं एक मात्र आपल्या बोड्यांचंच आहे. राज्यात एकाच वेळी शेकडो सिंचन प्रकल्प हातात घेतले गेले आणि उपलब्ध निधी सगळ्यांत थोडा थोडा वाटला गेला. कॅगनेही यावर बोट ठेवलं आहे. काम लांबलं की दर वाढतात, दर वाढले की तेवढ्याच पैशात काम आणखी कमी होतं. १९९६-९७ मध्ये केंद्राने त्वरित सिंचन लाभ कार्यक्रम आणला तो अशाच रखडलेल्या कामांसाठी. २०१६ मध्ये पुन्हा देशभरातले ९९ प्रकल्प प्राधान्याचे म्हणून निवडले. त्यात महाराष्ट्राचे २६, आणि त्यांत गोसीखुर्द होता, तुमसरकडचा बावनथडीही होता. ९९ ही काही लहान रांग नव्हे म्हणा, पण निदान रांग लावायला हवी हे मान्य झालं.

मग हे आधीच का सुचत नाही? सुचतं की! पण नारळ फोडणं सोपं असतं आणि ‘तुम्ही थांबा’ म्हणणं अवघड. शिवाय ज्याला थांबायला सांगता त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचं चुकतं असंही नाही. विदर्भाला हे वेगळं सांगायला नको. प्रादेशिक अनुशेष मोजायला दांडेकर समिती नेमावी लागली, तिचा अहवाल १९८४ चा. ज्याचा आवाज मोठा त्याची बोडी दरवेळी पहिली ठरणार असेल, तर तिसऱ्या टोल्याने ‘सगळीकडे थोडं थोडं’ हाच हट्ट का धरू नये?

याचं एक जुनं उत्तर धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत आहे. बंधाऱ्याखालच्या शेतीचे मोठे तुकडे पाडायचे, त्यांना फड म्हणायचं आणि एका फडात शक्यतो एकच पीक घ्यायचं. पाणी कमी असेल तर कोणत्या फडाला द्यायचं, कोणत्याला नाही, हे हंगामाआधीच ठरतं. एकेका शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तर झळ वाटली जाते. पीक करपायला लागल्यावर होणारं भांडण पेरणीच्या आधीच उरकून घेतलं जातं.

आता तुमच्या कॉलेजकडे या. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबिर, क्रीडास्पर्धा आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट, सगळं एकदम. चारही याद्या शेजारी ठेवा, तीच दहा-बारा नावं दिसतील. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ च्या ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात अशा वेळी अडचणीची जागा शोधायला सांगितलं. सगळे ज्याच्यासाठी ताटकळतात ते माणूस किंवा यंत्र कोणतं? नवं काम सुरू करायचं ते त्याची मोकळीक बघून. ती जागा पैशाचीच असते असं नाही. कॉलेजात बऱ्याचदा ती लॅबमधला एकुलता एक असिस्टंट असतो, किंवा पोस्टरही करणारी, सूत्रसंचालनही करणारी आणि कोडिंगही करणारी एखादी मुलगी. तिला कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून पुढच्या जूनमध्येच चारही कामं एका कागदावर मांडा. कोणतं डिसेंबरात, कोणतं फेब्रुवारीत, हे चार प्रमुखांवर सोडू नका. प्रत्येक जण आपलंच काम सर्वांत महत्त्वाचं म्हणेल आणि चौघंही खरंच बोलत असतील. निर्णय प्राचार्यांकडून घ्या. ज्यांना फेब्रुवारीपर्यंत थांबायचं आहे त्यांना तारीख लेखी द्या, हॉलच्या बुकिंगसकट आणि त्या मुलीच्या होकारासकट.